विचारणारा आणि सांगणारा : सुरत परिसरातील काही चौकशांचा इतिहास



इतिहासावर बोला, असे मंडळाने सुचवले तेव्हा मी आधी नाही म्हटले. माझा व्यवसाय होमिओपॅथीचा, इतिहासाचा नव्हे. पण गेल्या काही बैठकांत एक विषय वारंवार निघतो आहे. सुरतेतल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी, वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवर, लिहून घ्याव्यात आणि त्यांचा एक ग्रंथ काढावा, असे अनेकांना वाटते. हे काम मला फार मोलाचे वाटते. थोडी धास्तीही वाटते. आपण उत्साहाने वह्या घेऊन निघू, ओळखीच्या घरी जाऊ, चहा होईल, जुन्या गोष्टी निघतील, ग्रंथही निघेल. आणि पुढे कोणीतरी विचारील, की तुम्ही सगळ्यांना विचारलेत की एकमेकांनाच विचारलेत?

माणसांना भेटून, त्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत ऐकून समाज समजून घेण्याच्या पद्धतीला आज गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे, पण प्रश्न साधे आहेत. कोणाला विचारायचे? कसे विचारायचे? आणि ज्याने सांगितले त्याचे आपण काय देणे लागतो? हे तिन्ही प्रश्न आपल्या या तापीकाठच्या मुलखाने चांगलेच अनुभवले आहेत. त्या अनुभवाविषयीच आज बोलणार आहे.

ज्यांना कोणी विचारलेच नाही

सुरतेतल्या मराठी माणसाला टाळता न येणाऱ्या घटनेपासून सुरुवात करतो. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. लहानपणी शाळेत तो धडा आपण छाती फुगवून वाचला आणि शेजारच्या गुजराती मित्राच्या घरी तोच विषय निघाला की जरा गप्प बसलो. माझी अडचण दुहेरी होती. त्या स्वारीत ज्या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या हवेल्या रिकाम्या झाल्या, त्यांत वीरजी वोरा होते, आणि ते जैन होते. म्हणजे लुटणारेही माझेच आणि लुटले गेलेलेही माझेच.

त्या चार-पाच दिवसांची माहिती आपल्याला कोणाकडून मिळते? मुख्यतः इंग्रज आणि डच वखारींच्या पत्रांतून. इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने वखार लढवून राखली आणि तसे वरिष्ठांना कळवले. त्या वखारीच्या धर्मोपदेशकाने इंग्लंडमधल्या एका विद्वान डॉक्टरला लिहिलेले लांबलचक पत्रही आहे. मराठी बाजूने कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आहे. पण ती जिंजीला, घटनेनंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेली. वखारीच्या माणसाला आपण शूर ठरावे आणि कंपनीने शाबासकी द्यावी असे वाटत होते. बखरकाराला धन्याचा पराक्रम सांगायचा होता. दोघेही खोटे बोलले असे मी म्हणत नाही. दोघेही आपापल्या जागेवरून बोलले.

त्या दिवसांत सुरतेत विणकर होते, हमाल होते, खारवे होते, घर सोडून तापीपलीकडे पळालेल्या बाया होत्या. त्यांची एकही ओळ माझ्या वाचनात आलेली नाही. वखारीत कागद होता म्हणून वखारीचा इतिहास उरला. जैन परंपरेत अनेकांत शिकवतात. प्रत्येक विधान कोणत्या तरी एका बाजूने केलेले असते आणि ती बाजू बोलून दाखवावी, असे त्याचे सार मी समजतो. इतिहासाला हे पुरते लागू आहे. पण एक भर घालावी लागते. ज्यांच्या बाजूचे विधानच उरले नाही, त्यांची जागा रिकामी आहे, हेही लिहून ठेवावे लागते.

बारडोली : कोष्टकातला खंड

सतराव्या शतकातल्या माणसांना आता विचारता येत नाही. पण विचारता येत असूनही विचारले नाही, तर काय होते? त्याचे उदाहरण सुरत जिल्ह्यातच, 34-35 किलोमीटरवर, बारडोलीला घडले.

1928 चा बारडोली सत्याग्रह आपण वल्लभभाईंच्या नेतृत्वासाठी आठवतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्या लढ्याच्या मुळाशी चौकशीच्या पद्धतीचा वाद होता, हे सहसा सांगितले जात नाही. रयतवारी पद्धतीत साधारण तीस वर्षांनी जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी होई. बारडोलीची पाळी आली तेव्हा डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांनी 1925 मध्ये अहवाल देऊन सारा सुमारे 30 टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. तालुका सुखी झाला आहे, याची चिन्हे त्यांनी दाखवली होती : मालाचे भाव चढले, ताप्ती व्हॅली रेल्वे आली, गावांत पक्की घरे उठली.

पक्की घरे खरोखरच उठली होती. पण बारडोली परिसरातली कितीतरी कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत जाऊन कमावत होती आणि तो पैसा घरांत ओतत होती. घर दिसले, ते कोणत्या पैशाने बांधले हे विचारले गेले नाही. पाहणे आणि विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांना दिसलेल्याचा अर्थ त्या घरात राहणाऱ्याकडून समजून घेतला नाही, तर खरे निरीक्षणसुद्धा चुकीच्या निष्कर्षाला नेते.

पुढे सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी भावांचा आधार बाजूला ठेवला आणि जमिनीच्या खंडाचे आकडे हाच खरा आधार मानला. वाढ मात्र त्यांनीही जवळपास तेवढीच, 29 टक्क्यांची सुचवली. 1927 मध्ये मुंबई सरकारने सुमारे 22 टक्के वाढ मंजूर केली. नरहरी परीख यांनी या अहवालांची चिरफाड केली. त्यांचा एक आक्षेप असा होता, की खंडाने दिलेल्या जमिनीचे जे क्षेत्र एका वर्षाचे म्हणून धरले होते, ती प्रत्यक्षात सात वर्षांच्या नोंदींची बेरीज होती. दुसरा आक्षेप असा, की खंड म्हणून नोंदवलेल्या रकमांत गहाण जमिनीवरचे व्याजही शिरले होते. शेतकरी सावकाराला व्याज देतो आणि कोष्टकात ते जमिनीचे उत्पन्न म्हणून दिसते. म्हणजे जितका शेतकरी कर्जबाजारी, तितका तो कागदावर श्रीमंत!

फेब्रुवारी ते ऑगस्ट 1928 लढा चालला. शेतकऱ्यांची मागणी सारा माफ करण्याची नव्हती. निःपक्ष चौकशी करा, एवढीच होती. शेवटी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. यांतले ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. या दोघांनी बारडोली आणि आपल्या शहराला वेढणाऱ्या चोर्यासी तालुक्यातल्या गावांत जाऊन, शेतकऱ्यांना समोर बसवून, कोष्टकातल्या खंडाच्या नोंदी तपासल्या. हा व्यवहार कोणाकोणांत झाला, रक्कम कशाची, जमीन कसणारा कोण, असे प्रश्न विचारले. महादेवभाई देसाई आणि नरहरीभाई शेतकऱ्यांच्या बाजूने हजर असत. आधीच्या अहवालांतले खंडाचे आकडे भरवशाचे नाहीत, असा निष्कर्ष 1929 मध्ये आला आणि 22 टक्क्यांची वाढ 6.03 टक्क्यांवर उतरली.

या निकालातून पद्धतीच्या दृष्टीने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली म्हणजे नमुन्याची. खंडाने दिलेली जमीन हा सगळ्या जमिनीचा नमुना धरला होता. पण कोणती जमीन खंडाने जाते? मालक परदेशी आहे ती, विधवेची, सावकाराकडे अडकलेली, किंवा शेजाऱ्याला हवीच म्हणून चढ्या दराने घेतलेली. म्हणजे नमुनाच निराळ्या जातीचा. त्यावरून स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीचे मोल ठरवणे म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या रांगेवरून सुरतेचे आरोग्य ठरवणे. दुसरी गोष्ट पडताळ्याची. कागदावरचा आकडा ज्याच्याविषयी आहे, त्याला तो दाखवून हे खरे का, असे विचारायलाच हवे. तेवढ्या एका प्रश्नाने 22 चे 6 झाले.

मोजण्याचा नमुना आणि समजण्याचा नमुना

नमुना शब्दाचा इथे थोडा खुलासा करतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना-पाहणीच्या शास्त्रातले जगन्मान्य नाव. देशातल्या पिकांचा उतारा काढण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक, शेते निवडून कापणी करण्याची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. फार लहान तुकडा कापायला घेतला, तर कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी दाखवले. यात लबाडी कोणाची नसते. हाताचा कल भरलेल्या कणसाकडे असतो, इतकेच.

किती टक्के, किती क्विंटल, असे मोजायचे असेल तेव्हा सुखात्म्यांची चिठ्ठी हवी. पण एखादी गोष्ट कशी घडते, माणसाला ती कशी वाटते, हे समजून घ्यायचे असेल तेव्हा नमुना हेतूने निवडतात : वेगवेगळ्या जागांवर उभी असलेली माणसे शोधायची. तिथे संख्या थोडी चालते; नवीन मुलाखतीत नवे काही ऐकू येईनासे झाले की थांबायचे. अशा वीस-पंचवीस मुलाखतींवरून टक्केवारी मात्र सांगायची नाही. आणि कडेवरच्या रोपांची काळजी इथेही घ्यायची. आपला हात भरलेल्या कणसाकडेच जातो : चांगले बोलणारा, शिकलेला, घरात बसायला खुर्ची असलेला.

ओसरीवरून दिसणारे गाव

बारडोलीच्या चौकशीत न्याय झाला. तरीही त्यात एक मोठी रिकामी जागा राहिली. चौकशी साऱ्याची होती, म्हणून विचारले गेले ते जमीनधारकांना. त्याच शेतांत हाळी राबत होते. लग्नासाठी धनियामाकडून, म्हणजे मालकाकडून, पैसे उचलायचे आणि मग नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याच घरी राबायचे, ही हाळी पद्धत. हे मजूर बहुतेक दुबळा जमातीचे. आज त्यांना हळपती म्हणतात. नरहरीभाईंसारख्या काही कार्यकर्त्यांनी त्यांच्याविषयी तळमळीने लिहिले. पण सरकारी कोष्टकाला त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

1962 मध्ये यान ब्रेमन नावाचा एक तरुण डच अभ्यासक दक्षिण गुजरातेत आला आणि दोन गावांत राहून त्याने अनाविल जमीनमालक आणि हळपती मजूर यांच्या संबंधांचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे इंग्रजी पुस्तक 1974 मध्ये आले. त्यात गावांची खरी नावे नाहीत. एकाला त्याने चिखलीगाम म्हटले, दुसऱ्याला गणदेवीगाम. तालुके कळतात, गाव कळत नाही. ज्यांनी मालकाविरुद्ध तोंड उघडले त्यांना अभ्यासक निघून गेल्यावरही तिथेच राहायचे असते, याची ही जाणीव.

ब्रेमनने पुढे स्वतःच्या पद्धतीची अडचणही मोकळेपणाने लिहिली. गावात आलेल्या परक्याचे आदरातिथ्य वरचढ मंडळी करतात आणि त्याला आपल्याच वर्तुळात ठेवू पाहतात. मजुरांच्या वस्तीत जायचे तर मालकाच्या कपाळाला आठी पडते, आणि मालक समोर असला की मजूर बोलत नाही. म्हणजे मधोमध उभे राहून दोघांचे सारखे ऐकू, असे ठरवले तरी ते आपोआप होत नाही. वरचढाचा आवाज न मागता ऐकू येतो, दुसऱ्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. ब्रेमन त्याच गावांत पुन्हा पुन्हा, अनेक दशके येत राहिला. विश्वासाला एवढा वेळ लागतो.

या विषयात आपल्या शहराचे स्थान मोठे आहे. मालवणचे गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी आणि आय. पी. देसाई त्यांचे विद्यार्थी. या देसाईंनी 1969 मध्ये सुरतेत जी संस्था स्थापन केली, तीच आजचे सेंटर फॉर सोशल स्टडीज. विद्यापीठाच्या आवारात ती आहे. तिच्यावरून आपण किती वेळा गेलो असू!

ब्रेमनच्या अभ्यासात आपल्याला आणखी जवळची एक गोष्ट आहे. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला दर हंगामात मजूर येतात, त्यांच्यावर त्याने 1970 च्या दशकाच्या अखेरीस लिहिले. हे मजूर मोठ्या संख्येने खानदेशातले. मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीने किंवा ट्रकने यायचे, उघड्यावर पालात राहायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेबात माणूस नाही, कोयता. त्यांना भेटायचे तर वाट मुकादमावरून जाते, आणि मुकादमासमोर उचलीविषयी खरे कोण सांगणार? म्हणजे ज्या 1928 च्या बारडोलीने निःपक्ष चौकशीसाठी जमिनी जप्त होऊ दिल्या, त्याच बारडोलीच्या शिवारात पन्नास वर्षांनी मराठी मुलखातून आलेली माणसे होती आणि त्यांना विचारणारा हॉलंडहून यावा लागला. आपण सुरतेतच होतो.

ऐकण्याची शिस्त

कसे विचारावे, हे मला माझ्या व्यवसायाने शिकवले. होमिओपॅथीच्या उपचाराविषयी ज्याचे त्याचे मत वेगळे असू शकेल. तो आजचा विषय नाही. पण हानेमानने 1810 मध्ये प्रथम छापलेल्या ऑर्गेनॉन या ग्रंथात रोग्याची हकीकत कशी घ्यावी यावर जे नियम दिले आहेत, ते आजच्या मुलाखतकारालाही उपयोगी पडतील. रोग्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये. त्याचे शब्द तसेच लिहावेत. प्रत्येक नवी तक्रार नव्या ओळीवर लिहावी, म्हणजे नंतर तिच्यापुढे भर घालता येते. ज्याचे उत्तर नुसते हो किंवा नाही येईल, असा प्रश्न विचारू नये; उत्तर सुचवणारा प्रश्न तर मुळीच नको.

वाचायला सोपे, करायला कठीण. तुम्हाला सुरतेत परकेपणा जाणवला का, असे विचारले की समोरचा सभ्यपणे नाही म्हणतो आणि विषय संपतो. इथे आल्यावरचे पहिले वर्ष कसे गेले, असे विचारले की तोच माणूस अर्धा तास बोलतो. दुकानात मराठी बोलल्यावर कोण हसले, भाड्याची खोली कोणी नाकारली आणि कोणी आपणहून दिली, सगळे येते.

माझी चूक

तिसरा प्रश्न उरला : सांगणाऱ्याचे देणे. तो मी पुस्तकातून शिकलो नाही.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण इथेच होते. पन्नासच्या वर माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. कितीतरी डॉक्टरही गेले, हे डॉक्टर म्हणून मला सांगितले पाहिजे. त्याआधी महिनाभर बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग निघाला होता. त्यामुळे हा रोग महाराष्ट्रातून आला, गणपतीच्या गर्दीने पसरवला, असे लोक बोलू लागले. बोट अर्थातच वेड रोडच्या आणि लिंबायतच्या मजुरांकडे होते. तेव्हा आपल्यातले काही, आम्ही त्यांतले नव्हे, असे सांगत होते. मीही ते एकदोनदा म्हटले असेल.

पुढे काही वर्षांनी एका समारंभात मी त्या दिवसांवर बोललो. माझ्याकडे येणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या एका कुटुंबातल्या बाईची हकीकत सांगितली. तिचे नाव बदलले होते आणि तेवढे पुरे, असे मला वाटले होते. पण बाकीच्या खुणा मी तशाच ठेवल्या, कारण त्यांनी गोष्ट रंगत होती. सभेत तिच्या गल्लीतले कोणी होते. बाई यायची बंद झाली. वर्षभराने एकदा आली, औषध मागितले नाही. एवढेच म्हणाली, की मी जे सांगितले ते तुम्हाला सांगितले होते, गल्लीला नव्हे. ती अहिराणीत बोलली. तिचे शब्द माझ्या वहीत आहेत, पण ते इथे देत नाही. माणूस कधी कधी शब्दांवरूनही ओळखू येतो. तिची हकीकतही पुन्हा सांगणार नाही. चूक माझी आहे, म्हणून तेवढीच सांगतो.

तिने मला हकीकत सांगितली ती बरे होण्यासाठी. मी ती वापरली व्याख्यानासाठी. हेतू बदलला, तेव्हा पुन्हा विचारायला हवे होते. आमच्याकडे संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. मी दरवर्षी शंभर जणांना म्हणत असे. जिला म्हणायला हवे होते, तिला म्हणायला मला वर्ष लागले, आणि तेही ती स्वतः आली म्हणून.

जगानेही हे चुका करूनच शिकले. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी, हे तत्त्व नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर 1947 मध्ये न्युरेंबर्ग संहितेत आले. 1964 मध्ये हेलसिंकी घोषणा आली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे केली. शब्दांनीही इजा होते, हे ओळखून 2000 साली मुंबईच्या सेहत या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार झाली. या सगळ्यांचे सार मला त्या बाईने एका वाक्यात सांगितले होते.

आपल्या वह्या

आता आपल्या ग्रंथाकडे येतो.

सुरतेचे मराठी म्हणजे कोण? आपल्यातली काही घरे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने सोनगड, नवसारी, बडोदे अशी फिरत इथे आली. काही सरकारी कचेरी, रेल्वे, शाळा, बँक यांच्यामुळे आली. आपण आपल्याला जुने मराठी म्हणतो. पण आज सुरतेत मराठी कानावर पडते ती जास्त करून लिंबायत, उधना, पांडेसरा इथे, आणि ती अहिराणी वळणाची असते. एकमेकांनी सुचवलेल्या घरी जात राहिलो, तर आपण आपल्याच सोयऱ्यांत फिरत राहू. तो ग्रंथ ओसरीवरून दिसणारे गाव होईल. त्यांची भाषा शुद्ध नाही म्हणून नंतर पाहू, असे कोणी म्हणाले तर मी त्याला बारडोलीच्या कोष्टकाची आठवण देईन.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. आधी यादी करावी, आणि यादीत घराचा कर्ता पुरुष एकटा नको. लग्न होऊन इथे आलेल्या सुना, ज्यांनी गुजराती भाजीवालीकडून शिकली, त्या हव्यात. घरात तीस वर्षे भांडी घासणारी हवी. सुरत सोडून परत गेलेलाही शोधावा. टिकलेल्यांनाच विचारले तर सुरत सगळ्यांना मानवली असेच दिसेल. सुनेशी बोलताना सासूबाई शेजारी नसाव्यात, आणि असल्या तर वहीत तसे लिहावे. प्रत्येक मुलाखतीवर तारीख, जागा आणि विचारणाऱ्याचे नाव हवे. कारण मी विचारले आणि तुम्ही विचारले तर उत्तर निराळे येईल.

सुरुवातीलाच, समोरच्याच्या भाषेत सांगावे की हे कशासाठी, कुठे छापणार, कोण वाचणार. नको म्हणायची मुभा खरी असावी. मंडळाचे अध्यक्ष स्वतः दारात उभे राहिले तर नाही कोण म्हणेल? मजकूर तयार झाला की तो त्यांना वाचून दाखवावा, आणि एखादी ओळ काढा म्हणाले तर, ती कितीही सुंदर असली तरी, काढावी. नाव छापायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. काहींना नाव हवे असते. आयुष्यात एकदा तरी आपले नाव छापून यावे ही इच्छाही मानाची आहे. बदललेल्या नावाबरोबर गल्ली, गाव, धंदा आणि मुलांची संख्याही तपासावी. हे मी अनुभवाने सांगतो.

एवढे केल्याने ग्रंथ दोन वर्षांनी लांबेल आणि कदाचित आपल्या मनाजोगता गोड होणार नाही. 1994 मध्ये आपण काय बोललो तेही त्यात येईल. ते येऊ द्यावे.

मंडळाने परवानगी दिली तर लिंबायतच्या काही घरांशी ओळख करून द्यायला मी तयार आहे. माझ्या रोग्यांना मात्र मी स्वतः विचारणार नाही. डॉक्टरला नाही म्हणणे त्यांना जड जाईल. त्यांना तुमच्यापैकी कोणीतरी विचारावे, आणि ते नाही म्हणाले तर मला कळवू नये.